किल्लेदार कोणाचा?

वाचकाचे पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकचा, वय २७, एका कारखान्यात नोकरीला आहे. गेले चौदा महिने आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी गंगापूर रोडवरील माझ्या घरी टेबलटॉप रोल-प्लेइंगचा खेळ खेळतो. जग काल्पनिक आहे : एका नदीचे खोरे, त्यात पाच घराणी, नावापुरता एक राजा. जादू जवळजवळ नाहीच. एका देवराईत कधी काही दिसते, एवढेच. हे जग आम्ही सर्वांनी मिळून रचले आणि मी गेम मास्टर झालो. माझ्या मामेभावाने आपल्या घराण्याचा अठ्ठावीस पानी इतिहास लिहिला आणि गडाचा किल्लेदार म्हणून आपल्या पात्राचा एक दूधभाऊ निर्माण केला. आमच्यातल्या दुसऱ्या एका मित्राने सहा आठवडे मला खासगी मेसेज करून त्या किल्लेदाराला फितवण्याचा बेत आखला. मी परवानगी दिली, फासे टाकले, ते मित्राच्या बाजूने पडले. नदीच्या जत्रेसाठी मामेभावाचे घराणे शस्त्रे खाली ठेवून गेले असताना दूधभावाने गडाचे दार आतून उघडले. टेबलावर एकच आरडाओरडा झाला, टाळ्या वाजल्या. मामेभाऊ काही बोलला नाही. त्याने खोडरबर घेऊन नकाशावरील आपल्या घराण्याचे नाव पुसले, रबराचा चुरा तळहाताने गोळा करून केराच्या टोपलीत टाकला आणि चहा न घेता तो निघून गेला. तीन रविवार तो आलेला नाही. मामीने आईला फोन केला. मित्र म्हणतो, राजकारणाच्या खेळात हे व्हायचेच. एक मैत्रीण म्हणते, देवराईतल्या शक्तीकडून गड परत मिळवून दे, म्हणजे प्रश्न मिटेल. तो प्रसंग घडलाच नाही असे ठरवावे का? माझे नक्की काय चुकले?
— एक गेम मास्टर, गंगापूर रोड

प्रिय गेम मास्टर,

तुमच्या पत्रातला फितुरीचा प्रसंग मी एकदा वाचला. खोडरबराचे वाक्य मात्र चार वेळा वाचले. नकाशा सर्वांनी मिळून काढलेला आहे, तेव्हा तो चुरगाळण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे तुमच्या मामेभावाला त्या क्षणीही कळत होते. त्याने त्यातून स्वतःचे तेवढे काढून घेतले आणि वर टेबलही साफ करून ठेवले. एकत्र कुटुंबातला एखादा भाऊ आवाज न चढवता आपले ताट-वाटी घेऊन वेगळा निघतो, त्या जातीचे हे जाणे आहे. तो हरल्यामुळे रुसला असावा, ही शंका तुमच्या पत्रात ओळींच्या आड कोठेतरी आहे. ती आधी काढून टाका, कारण ती मनात ठेवून त्याच्याशी बोलायला गेलात तर पहिल्या दोन वाक्यांतच ती त्याला ऐकू येईल.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण सूत्रधार, म्हणजे गेम मास्टर, होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात आणि जिथे निकाल काहीही लागू शकतो तिथे फासे टाकतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये छापून आला तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला, आणि तो निघाला होता छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. तुम्ही जी शाखा खेळता तिच्यात भुयारे आणि राक्षस नसतात. तिच्यात वारस, कर्जे, सोयरिकी, शिवेचे तंटे आणि मानपान असतात, आणि अद्भुत म्हणावे असे काही घडलेच तर ते खरोखर घडले की नाही याबद्दल पात्रांचेच एकमत होत नाही. माझ्या मुलीच्या मित्रमंडळात मी दोन वर्षे एका म्हाताऱ्या कारभाऱ्याची भूमिका करते आहे, त्यामुळे हे पत्र माझ्याकडे आले याचा मला मनातून आनंदच झाला.

तुमच्या मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते दुसऱ्या एका खेळाविषयीचे तथ्य आहे. अॅलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने १९५९ मध्ये ‘डिप्लोमसी’ नावाचा पटावरचा खेळ काढला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता, फासे अजिबात नाहीत. खेळाडू दोघे-दोघे कोपऱ्यात जाऊन तह करतात, मग प्रत्येक जण आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहितो आणि सगळे कागद एकदम उघडले जातात, तेव्हा कोणी कोणाला फसवले ते कळते. विश्वासघात हाच तिथला इंधनाचा पुरवठा आहे आणि प्रत्येक जण ते ठाऊक असूनच पटापाशी बसतो. पण त्या खेळात ऑस्ट्रिया-हंगेरी घेऊन बसणारा माणूस त्या देशाचा अठ्ठावीस पानी इतिहास लिहून आणत नाही. त्याने तो देश रचलेला नसतो. पेटीतून काढलेला असतो आणि रात्री पुन्हा पेटीत ठेवायचा असतो. तुमच्या टेबलावर एकाच वेळी दोन खेळ चालू होते. मित्र डिप्लोमसी खेळत होता आणि मामेभाऊ घराणे उभारत होता. यात दोघांपैकी कोणाचीही चूक नाही. आपण कोणता खेळ खेळतो आहोत हे दोघांना सांगण्याचे काम ज्याचे होते त्याने ते सांगितले नाही, आणि तो माणूस तुम्ही आहात.

आता किल्लेदाराकडे येऊ, कारण तुमच्या ‘माझे नक्की काय चुकले’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी आहे. खेळाडूंची पात्रे सोडून उरलेली सर्व माणसे गेम मास्टरने चालवायची, हा या खेळातला रूढ संकेत आहे. चौकीवरचा शिपाई, घाटावरचा पुजारी, सावकार, शत्रूचा वकील, हे सगळे तुमचे. त्या हिशेबाने किल्लेदारही तुमचा ठरतो आणि त्याला फितूर करण्याचा अधिकार तुमचाच ठरतो. एकट्याने रचलेल्या जगात हा हिशेब बरोबर बसला असता. तुम्ही मात्र जग मिळून रचले होते, आणि मिळून रचलेल्या जगात माणूस चालवणारा एक आणि घडवणारा दुसरा असू शकतो. किल्लेदार तुम्ही चालवत होतात. तो घडवला होता तुमच्या मामेभावाने.

आणि त्याने काय घडवले ते पाहा. त्याने सख्खा भाऊ केला नाही, चुलतभाऊ केला नाही, दूधभाऊ केला. घराण्यांच्या खेळात प्रत्येक नाते म्हणजे एक दावा असतो. सख्खा भाऊ निम्मे मागतो, पुतण्या वडीलपणाचा मान मागतो, सून माहेरचे हित पाहते, दत्तक आला की सगळेच दप्तर उघडून बसतात. या सगळ्या घरात एकच माणूस असा असतो की ज्याचा गडावर, गावावर, शिक्क्यावर कसलाही हक्क नाही आणि तरीही ज्याने त्याच आईचे दूध पिऊन डोळे उघडले. राजकारणाने भरलेल्या खेळात तुमच्या मामेभावाने राजकारणाबाहेरचा एवढा एकच कोनाडा स्वतःसाठी ठेवला होता. कदाचित त्याने तो समजून-उमजून ठेवला नसेल. पण सहा आठवड्यांत त्याला एकदा विचारले असते तर तुम्हाला ते कळले असते. तुमच्या मित्राने गड घेतला. दूधभाऊ तुम्ही दिलात.

मी हे वरच्या पायरीवर उभी राहून बोलत नाही. मुलीच्या मंडळात मध्ये दोन महिने मी गेम मास्टर होते, तेव्हा घाट उतरताना पाय घसरून एका मुलीच्या पात्राचा घोडा दरीत गेला, असे मी अगदी सहज सांगून टाकले. माझ्या लेखी तो एक घोडा होता. तिने मात्र आपल्या वारलेल्या आजोबांच्या घोड्याचे नाव त्याला दिले होते आणि ही गोष्ट टेबलावर माझ्याखेरीज सर्वांना माहीत होती. पुढचा अर्धा तास कोणी माझ्याकडे नीट पाहिले नाही.

तुम्ही म्हणाल, आधी सांगितले असते तर फितुरी ती कसली? इथे तुमची समजूत मुळातच थोडी वाकडी गेली आहे. फितुरी पात्रापासून लपवायची असते. खेळणाऱ्यापासून ती लपवलीच पाहिजे असे नाही. पंचवटी ज्या गावात आहे तिथल्या माणसाला हे मी सांगायला नको. सोन्याचे हरीण हा मारीच आहे, हे कीर्तनाला बसलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. तरीही सीता लक्ष्मणाला ‘जा’ म्हणते तेव्हा ऐकणाऱ्यांच्या पोटात खड्डा पडायचा तो पडतोच, किंबहुना ठाऊक असते म्हणूनच पडतो. तुमच्या मामेभावाला आठवडाभर आधी एवढे कळवायचे होते : “तुझा किल्लेदार फितेल असा एक डाव शिजतो आहे. चालेल का? चालत नसेल तर मी दुसरी वाट काढतो.” तो ‘हो’ म्हणाला असता तर जत्रेला निघताना त्याच्या घराण्याच्या प्रमुखाने गडाच्या किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्या हाताने दूधभावाच्या हाती दिला असता, त्याला ‘दिवेलागणीपर्यंत येतो’ म्हणून सांगितले असते आणि टेबलावर टाळ्या वाजण्याऐवजी सगळे गप्प झाले असते. आणि तो ‘नाही’ म्हणाला असता तर गडाचा पाणीपुरवठा तोडता आला असता, सावकाराकडून गहाणखत विकत घेता आले असते, दारूगोळ्याचा कारकून फोडता आला असता. गड घ्यायला तुमच्या मित्रापुढे दहा वाटा होत्या. त्याने निवडलेली वाट बंद केली असती तर त्याची एक रात्र खराब झाली असती, यापलीकडे काही नाही.

आधी कळल्यावर तो सावध होऊन गडावरच थांबला असता, ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. अठ्ठावीस पाने लिहिणारा माणूस जिंकायला बसलेला नसतो. आपल्या माणसांचे काहीतरी व्हावे म्हणून तो बसलेला असतो.

आता दुरुस्ती. प्रसंग घडलाच नाही असे ठरवावे का, हे तुम्ही मला विचारता आहात. ते विचारायचे आहे त्याला. त्याने ‘पुसून टाक’ म्हटले तर मित्राची कितीही कुरकुर झाली तरी पुसून टाका. पण माझा अंदाज आहे की तो तसे म्हणणार नाही, आणि म्हणून तुम्ही त्याच्यापुढे आणखी एक गोष्ट ठेवावी असे मला वाटते. गड गेला हे राहू द्या. किल्लेदाराने दार का उघडले, हे मात्र त्याला ठरवू द्या.

याचे मूल्य किती आहे हे कळायला तुम्हाला घरापासून फार लांब जावे लागणार नाही. तुमच्याच रस्त्यावर आनंदवल्ली आहे. राघोबादादा आणि आनंदीबाई यांचे तिथले वास्तव्य प्रसिद्ध आहे आणि गावाचे नावच बाईंवरून पडले. त्याच रस्त्याने आणखी पुढे गंगापूर. माधवराव आणि नारायणराव या दोन पेशव्यांची आई गोपिकाबाई उतारवयात तिथे येऊन राहिली आणि १७८८ मध्ये नाशिक मुक्कामी वारली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. ज्या काकूवर त्याचा आळ आला ती आणि ज्या आईचा मुलगा गेला ती, अशा दोन्ही बायकांची नावे गोदावरीच्या एकाच काठाला लागून राहिली आहेत. चिठ्ठीतल्या ‘ध’चा ‘मा’ झाला ही दंतकथा आहे, पण अडीचशे वर्षे होऊन गेली तरी माणसे तिच्यावर तावातावाने बोलतात. खून कोणी केला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागे कोणाच्या मनात नेमके काय होते, यावर अजून वाद घालता येतो. तुमच्या किल्लेदाराच्या बाबतीत ही जागा तुम्ही फाशांनी आणि सहा आठवड्यांच्या मेसेजांनी बुजवून टाकलीत. ती पुन्हा मोकळी करा. त्याला कोणी ओलीस धरले होते का? तो आपल्या धन्याला कशापासून तरी वाचवत होता का? की धन्यानेच त्याला हे गुपचूप करायला सांगितले होते आणि तुमच्या मित्राच्या घराण्याला अजून त्याचा पत्ता नाही? यांपैकी कोणत्याही उत्तराने मित्राने कमावलेला गड त्याच्या हातून जात नाही, आणि दूधभाऊ मात्र ज्याचा त्याला परत मिळतो.

हे उत्तर मिळवायला आपल्याकडे एक तयार रीत आहे आणि तुमच्यासारखी मंडळी ती वापरत नाहीत याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी आपापली हकीकत लेखी मांडत. घराण्याचा असा पूर्ववृत्तांत सांगणाऱ्या कागदाला करीना म्हणत. गोतसभेपुढे दोन्ही बाजू ऐकल्या जात, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार साक्षीला बसत, निकालाचा महजर लिहिला जाई आणि ज्याला लिहिता येत नसे तो नांगरासारखी निशाणी करी. तुमचा पुढचा रविवार अशा गोतसभेचा असू द्या. लढाई नाही, फासे शक्यतो नाहीत. मामेभावाने किल्लेदाराचा करीना लिहून आणायचा, एक पान, आणि तो किल्लेदार म्हणून स्वतः वाचायचा. त्या दुपारी किल्लेदार तो चालवील. तुम्ही फक्त सभेचे कारकून व्हा आणि महजर लिहा. बाकीच्या तिघांना त्यांची घराणी बाजूला ठेवून गडाखालच्या गावातली माणसे द्या : एक पाटील, एक कोळी, एक वेसकर. वेसकराने त्या रात्री वेशीवरून कोण आत येताना पाहिले हे त्या खेळाडूने आयत्या वेळी ठरवले तर अधिक चांगले. मित्र मात्र स्वतःच्याच पात्रात राहून आपला पक्ष मांडील. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. त्याने तुमची परवानगी मागितली होती आणि तुम्ही ती दिली होती, हे सभेआधी सर्वांसमोर एका वाक्यात सांगून टाका.

देवराईवाल्या मैत्रिणीची सूचना प्रेमापोटी आलेली आहे, पण ती मानू नका. चौदा महिने जिथे जादू डोळ्यांच्या कडेने तेवढी दिसली, तिथे ती एकाएकी उठून गड परत देऊ लागली तर यापुढे टेबलावरचा कोणीही कुठल्याच तोट्याची चिंता करणार नाही; शिवाय माणसांमधले दुखणे मंत्राने बरे करण्याचा प्रयत्न टेबलावरही फसतोच. तिला अद्भुत हवेच असेल तर तेही तिला गोतसभेतच मिळेल. जुन्या न्यायनिवाड्यांत साक्षी-पुराव्यांनी उलगडा झाला नाही तर दिव्य करवीत. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग त्या हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत आणि काही दिवसांनी सर्वांसमोर ती उघडून हात पोळला आहे की नाही ते पाहत. देवाने कौल दिला, की कातडी जाड होती, की कोणी हातचलाखी केली? प्रत्येक जण आपल्या सोयीचे उत्तर घेऊन घरी जाई. विरळ जादूच्या जगात जादू एवढीच असावी असे माझे मत आहे. किल्लेदाराला देवराईत दिव्य करायला लावा, हात बांधा आणि त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबवा. पिशवी पुढच्या रविवारी उघडा. मधल्या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर किती मेसेज पडतात ते पाहाल.

ज्याचा गड गेला त्या घराण्याचे पुढे काय करायचे, याची चिंता तुमच्या पत्रात दिसली नाही. मामेभावाला मात्र ती नक्की असेल. तुमच्याच जिल्ह्यातल्या बागलाणात मुल्हेरच्या, म्हणजे मयूरगिरीच्या, नारायणशाहासाठी रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ रचले; घराण्याची कीर्ती संस्कृतात, वीस सर्गांत. पुढे १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेबाच्या मोहिमेत बागलाणचे राज्य मोगलांकडे गेले. गड गेला, मुलूख गेला, काव्य उरले. हातातून गड गेलेले पण वंशावळ, शिक्का आणि अठ्ठावीस पाने जवळ असलेले घराणे हे तुमच्या खोऱ्यातले सर्वांत धोकादायक घराणे होऊ शकते, कारण त्याला राखायचे काही उरलेले नाही आणि सांगायचे पुष्कळ आहे. गडावर बसलेल्या तुमच्या मित्राला यापुढे दर सणाला प्रश्न पडेल : होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पहिला बैल कोणाचा? गावकरी जर जुन्याच धन्याच्या नावाने बैल पुढे काढू लागले तर तो काय करणार? अशा मानांसाठी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तंटे चालले आहेत. मोठ्या लढाईपेक्षा या बैलांच्या रांगेतून तुम्हाला अधिक चांगले रविवार मिळतील.

त्यासाठी काळ थोडा पुढे सरकवायला शिका. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’ या १९८५ च्या खेळात एका वर्षात साधारण एक मोहीम होते आणि मग हिवाळ्याचा टप्पा येतो : जमिनीचे उत्पन्न, घोडे, लग्ने, मुले, म्हातारपण, सरदार मेला की खेळाडू त्याचा वारस घेऊन पुढे खेळतो. आपल्याकडे हिवाळा घेऊन काय करायचे? आपली फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायची आणि पावसाला घरी यायची. तेव्हा तुमच्या खेळात चातुर्मासाचा टप्पा करा. नदीला पूर, वाटा बंद, लग्ने होत नाहीत, मोहिमा होत नाहीत. दप्तर उघडते, कर्जे मोजली जातात, दत्तकाची बोलणी सुरू होतात. रामकुंडापाशी दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले यावरून नाशिककर पूर मोजतात, तसा एक दगडी देव तुमच्या नकाशावरच्या घाटावरही उभा करा आणि त्याच्या कमरेला पाणी लागले की त्या वर्षी कोणाचे पीक गेले ते ठरवा.

पुढे असा प्रसंग येऊ नये म्हणून दोन गोष्टी करा. खासगी मेसेज बंद करा. कट शिजवायचा असेल तर दोघांनी उठून गॅलरीत जावे, म्हणजे काय बोलले ते कळले नाही तरी बोलणे झाले हे सर्वांना दिसते. आणि प्रत्येकाला एका कागदावर एवढे लिहायला सांगा की माझ्या घराण्यातल्या कशाला मला विचारल्याखेरीज हात लावायचा नाही, आणि काय गमावायला मला आवडेल. या दुसऱ्या प्रश्नाने लोक आधी बुचकळ्यात पडतात, मग भराभर लिहू लागतात. माझ्या कारभाऱ्याची दृष्टी जावी असे मी लिहिले होते. ती गेली आणि त्यानंतरचे सहा महिने मी जितके मन लावून खेळले तितके आयुष्यात कधी काही खेळले नव्हते. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’ या खेळाने रूढ केलेली एक पद्धतही उचला. त्यात एकेका खेळाडूकडे एकाहून अधिक पात्रे असतात आणि काही लहान पात्रे सर्वांची मिळून असतात; ज्याला गरज लागेल त्याने ती खेळायची. तुमच्या मित्राला बेघर झालेल्या घराण्याच्या मुदपाकखान्यातला आचारी द्या. मालक चार दिवस उपाशी आहेत हे त्या आचाऱ्याच्या तोंडून सांगायची वेळ आली की त्याला आपणच घेतलेला गड दुसऱ्या बाजूने दिसेल, आणि त्यासाठी तुम्हाला त्याला एक शब्दही ऐकवावा लागणार नाही.

मामींचा फोन तुम्ही मनाला फार लावून घेऊ नका, पण आईला मध्यस्थ करू नका. दोन घरांमधून निरोप फिरू लागले की ‘पोरांच्या खेळात भांडण झाले’ एवढेच त्याचे रूप उरेल आणि दिवाळीच्या फराळाला तोच विषय निघेल. स्वतः जा, एकटे जा. मित्र, राजकारण, फासे यांपैकी कशाचेही नाव काढू नका. “तुझा किल्लेदार मी तुला न विचारता वापरला, ते चुकले,” एवढे म्हणा आणि थांबा. त्यानंतर तो बराच वेळ बोलला नाही तरी ती जागा तुम्ही भरू नका. नकाशा बरोबर न्या. गडावर मित्राच्या घराण्याचे नाव चढवले असेल तर ते तसेच असू द्या, त्याला दिसू द्या. करीन्याची गोष्ट तो विचारील तेव्हाच काढा. त्या दिवशी विचारले नाही तर नकाशा आणि एक कोरा कागद त्याच्याकडे ठेवून या. मामींनी जेवायला थांबवले तर थांबा.

आणि जाल ते रविवारी जाऊ नका. रविवारी दुपारी तुम्ही दारात दिसलात तर खेळाला एक माणूस कमी पडतो म्हणून आलात, असेच त्याला वाटेल.

— तुमची ताई